दिव्यांग अनुदानाला खरंच किती दिवस लागतात? पक्षाघात झालेल्या भावासाठी विचारलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मी नीट वाचला. तुम्ही स्वतः पुण्यात नोकरीला आहात. मोठा भाऊ ४१ वर्षांचा, चाकणला कंत्राटदारामार्फत कंपनीत सहा वर्षं कामाला होता. चार महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात-पाय गेला, बोलणं अडखळतं. आता तो बीड जिल्ह्यात गावी, आई आणि वहिनीपाशी आहे. गावातला एजंट म्हणतो, "पाच हजार द्या, महिन्याभरात निराधारचा पगार चालू करून देतो." म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचं दरमहा अनुदान. तुम्ही विचारताय की खरंच महिन्यात होतं का, आणि नसेल तर किती दिवस धरून चालावं.

महिन्यात होत नाही. झटका आलेल्या दिवसापासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत दहा महिने ते सव्वा वर्ष, असं मी तुमच्या भावाच्या बाबतीत धरीन. हा आकडा कुठल्या शासन निर्णयातला नाही. जिल्हा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करताना आणि आता एका दिव्यांग संघटनेसाठी तहसीलच्या कामात मदत करताना जे पाहत आले, त्यावरून सांगते आहे. तालुका बदलला की आकडा बदलतो. निवडणुकीची आचारसंहिता मध्ये आली की बदलतो. कागदात एक अक्षर चुकलं तरी बदलतो. पण हा वेळ कुठे-कुठे जातो ते समजलं, तर त्यातले दोन-तीन महिने तुम्ही नक्की वाचवू शकता. शिवाय तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट आहे, तिच्यातून या अनुदानापेक्षा मोठी रक्कम मिळू शकते. ती पुढे सांगते.

आधी हे लक्षात घ्या की "अर्ज केला आणि वाट पाहतोय" असं इथे एकच काम नसतं. दिव्यांग प्रमाणपत्र आरोग्य खातं देतं. अनुदानाची मंजुरी तहसील कार्यालयातून होते. पैसे राज्याच्या तिजोरीतून बँकेत येतात. ही तिन्ही कामं एकामागून एक होतात आणि एका ठिकाणी कागद अडकलाय हे दुसऱ्या ठिकाणी कोणालाच माहीत नसतं. लोक तहसीलला चकरा मारत राहतात आणि कागद रुग्णालयात पडलेला असतो, हे मी कितीतरी घरांच्या बाबतीत पाहिलंय.

पहिलं काम प्रमाणपत्राचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य आहे आणि बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतं. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. त्याला फी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले आणि वैद्यकीय प्राधिकाऱ्याला प्रमाणपत्र देण्यासाठी असलेली एक महिन्याची मुदत तीन महिने झाली. आमच्याकडे साधारण तेवढाच वेळ लागतो. कधी महिन्यात होतं, मोठ्या रुग्णालयात गर्दी असेल तर जास्त लागतो. त्याच नियमांत असंही आहे की अर्ज दोन वर्षांपेक्षा जास्त प्रलंबित राहिला तर तो निष्क्रिय होतो आणि पुन्हा अर्ज करावा लागतो किंवा रुग्णालयाकडून तो चालू करून घ्यावा लागतो. त्यामुळे ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे झालं, असं समजून बसू नका. रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे जाऊन तपासणी होईपर्यंत काही सुरू झालेलं नसतं.

तुमच्या भावाचा खरा अडथळा मात्र वेगळा आहे. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारात झटका आल्यावर लगेच टक्केवारी ठरवत नाहीत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे साधारण सहा महिन्यांनंतर मूल्यमापन करायचं असतं, नेमकी वेळ तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायची असते. कारण पहिल्या काही महिन्यांत फिजिओथेरपीने बराच फरक पडतो. आज ७० टक्के वाटणारा माणूस चार महिन्यांनी काठी घेऊन चालू शकतो. म्हणून चौथ्या महिन्यात बोर्डापुढे नेलंत तर बहुधा "दोन महिन्यांनी या" असं सांगतील, आणि ते चुकीचं नाही. एजंटच्या "महिन्यात"चा अर्थ काय, तेही यावरून समजेल. एक तर त्याला हे माहीत नाही, नाहीतर तो खोट्या प्रमाणपत्राबद्दल बोलतोय. दोन्ही बाबतीत त्याला पाच हजार देऊ नका. प्रमाणपत्रांची फेरपडताळणी आता कडक झाली आहे. खोट्या कागदावर चालू झालेला पगार बंद पडतो, वसुली लागते आणि जो माणूस खरोखर पात्र होता तोही संशयात येतो.

हे दोन महिने मात्र रिकामे घालवू नका. ऑनलाइन अर्ज आताच भरून ठेवा. भावाच्या आधारवर पत्ता चाकणचा आहे की गावचा, हे आजच बघा. कामासाठी गेलेल्या कितीतरी जणांनी सिमकार्ड नाहीतर गॅससाठी पत्ता बदललेला असतो. मग प्रमाणपत्राचा अर्ज पुणे जिल्ह्यात जातो, अनुदानाचा बीडमध्ये करावा लागतो आणि दोन्हीकडे प्रश्न विचारले जातात. पत्ता एकाच ठिकाणचा करून घ्या. नावाचं स्पेलिंग आधार, शिधापत्रिका आणि बँक पासबुकावर सारखं आहे का तेही बघा. वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरही अर्ज त्रुटीत निघतो.

बोर्डाच्या दिवशी काय न्यायचं ते सांगते, कारण इथे लोक फार कमी तयारीने येतात. डिस्चार्ज कार्ड, एमआरआय किंवा सीटी स्कॅनचा रिपोर्ट फिल्मसह, मेंदूविकार तज्ज्ञांची अलीकडची चिठ्ठी आणि फिजिओथेरपीची नोंद. चार महिन्यांपूर्वीच्या कागदावर बोर्ड आजची स्थिती ठरवू शकत नाही, म्हणून अलीकडची चिठ्ठी हवीच. भावाला गाडीतून उतरवणं अवघड असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. डॉक्टर खाली गाडीपाशी येऊन तपासतात. ऐन वेळी सांगितलं तर ओपीडीच्या गर्दीत ते जमत नाही.

आणि बोलण्याचं विसरू नका. हात-पाय दिसतात, वाचा दिसत नाही. घरचे सांगत नाहीत, तपासणी अस्थिव्यंग किंवा मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे होते आणि वाचादोष नोंदला जात नाही. वाचेची तपासणी वेगळी होते. दोन दिव्यांगत्वं असली तर टक्के नुसते जोडत नाहीत, त्याला सूत्र आहे: मोठ्या टक्क्यात, लहान टक्के गुणिले (नव्वद वजा मोठे टक्के) भागिले नव्वद, एवढं मिळवायचं. समजा हात-पायाचे ६० आणि वाचेचे ३० आले, तर एकूण ९० न होता ७० होतात. ४० टक्क्यांच्या अटीला याने फरक पडणार नाही, पण ८० टक्के आणि त्यावरच्या योजनांना पडतो. आणि माणसाची खरी अवस्था कागदावर यायला हवी, हेही आहेच.

प्रमाणपत्र कायमचं मिळेल की ठरावीक मुदतीचं, हे आज सांगता येणार नाही. पक्षाघातात सुधारणेची शक्यता असेल तर बोर्ड मुदतीचं देऊन फेरतपासणीची तारीख टाकतं. तसं झालं तर ती तारीख घरात भिंतीवर लिहून ठेवा आणि तीन-चार महिने आधीच नूतनीकरणाच्या मागे लागा. मुदत संपली की अनुदान थांबतं, आणि थांबलेलं परत सुरू करणं नव्याने मंजूर करून घेण्याइतकंच अवघड जातं. प्रमाणपत्रासोबतचं दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड पोस्टाने घरी यायला वेळ लागला तरी चिंता करू नका. पोर्टलवरून ई-कार्ड उतरवून घेता येतं आणि तेच तहसीलला चालतं. एसटीच्या साध्या बसमधली ७५ टक्के सवलतही तेव्हापासून मिळू लागते. फिजिओथेरपीला तालुक्याला नेणं-आणणं असेल तर तिचा उपयोग लगेच होतो.

आता तहसील. योजना संजय गांधी निराधार अनुदान योजना, कचेरीत तिला "संगायो" म्हणतात आणि तिचा टेबल वेगळा असतो. अर्जदार ६५ वर्षांच्या आतला, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहणारा, किमान ४० टक्के दिव्यांग, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं. दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान महिन्याला १,५०० होतं, ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झालं. ८० टक्क्यांच्या वर असेल आणि नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना लागू होते. तिच्यात केंद्राचे ३०० रुपये असतात आणि बाकीची भर राज्य घालतं. त्यामुळे कधी खात्यात दोन वेगळ्या रकमा दिसतात आणि लोकांना वाटतं कोणीतरी पैसे कापले. तसं नसतं.

उत्पन्नाच्या दाखल्यावर तुमचं प्रकरण अडण्याची शक्यता मला सर्वात जास्त वाटते. पन्नास हजार म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. भाऊ गेल्या वर्षीपर्यंत कमावता होता, त्यामुळे गावात चौकशीला येणारे तलाठी, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी, जुना पगार धरू शकतात. कामावरून कमी झाल्याचा किंवा पगार थांबल्याचा कागद कंत्राटदाराकडून घ्या, नाहीतर बँक खात्याचा उतारा दाखवा, म्हणजे त्यांना सध्याचं उत्पन्न लिहायला आधार मिळेल. तुमचं नाव भावाच्याच शिधापत्रिकेवर असेल तर तुमचा पुण्यातला पगारही विचारात येईल. तुम्ही खरोखर वेगळे राहत असाल तर शिधापत्रिका रीतसर विभक्त करून घ्या. एकत्र असाल तर लपवू नका, चौकशीत ते निघतंच. दाखला लोकसेवा हक्क कायद्याखाली १५ दिवसांत मिळायला हवा. आणि तो आर्थिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलमध्ये निरुपयोगी होतो. म्हणून प्रमाणपत्र हातात येण्याच्या सुमारास तो काढा, फार आधी नको.

अर्ज सेतू केंद्रातून किंवा थेट तहसीलला देता येतो. पुढे गावात चौकशी, मग नायब तहसीलदारांकडे छाननी, मग तालुक्याच्या समितीची बैठक. ही समिती अशासकीय अध्यक्षाची असते, तहसीलदार तिचे सचिव. सगळा वेळ इथे जातो. बैठक नियमित होणाऱ्या तालुक्यात दोन-तीन महिन्यांत मंजुरी येते. समिती नव्याने नेमायची राहिली असेल, अध्यक्ष बदलले असतील किंवा निवडणूक लागली असेल तर सहा-सहा महिने यादी तशीच राहते. म्हणून अर्ज देताना टेबलावर "कधी होईल?" एवढंच विचारू नका. मागची बैठक कधी झाली, पुढची कधी आहे, आणि तिच्या यादीत येण्यासाठी अर्ज कोणत्या तारखेपर्यंत लागतो, हे विचारा. या तीन प्रश्नांची उत्तरं लिपिक देऊ शकतो, आणि बैठकीच्या आधी आठ दिवस अर्ज पूर्ण असणं आणि बैठकीनंतर आठ दिवसांनी पूर्ण होणं यात कधीकधी तीन महिन्यांचा फरक पडतो.

पोच घ्या, तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का हवा. पोच नसेल तर पुढच्या कुठल्याही तक्रारीला पाया राहत नाही. महिन्याभराने जाऊन अर्ज छाननीत आहे, त्रुटीत आहे की यादीत, एवढंच विचारा. त्रुटीत निघालेले अर्ज शांतपणे बाजूला पडून राहतात. कळवलं असं कागदावर लिहिलेलं असतं, पण पत्र घरापर्यंत पोचलेलं नसतं. वहिनी किंवा आईला जायला जमत नसेल तर तुम्ही सुटीच्या दिवसांऐवजी एखादा कामाचा दिवस यासाठीच काढा. फोनवर ही माहिती मिळत नाही.

मंजुरी आली की लोक सुस्कारा सोडतात, पण त्यानंतरही महिना-दोन महिने जातात. पैसे आता थेट लाभ हस्तांतरणाने, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. पासबुकाची झेरॉक्स तुम्ही कोणत्याही खात्याची दिली असली तरी पैसे त्या खात्यात जातील असं नाही. आधारशी शेवटी जे खातं जोडलं गेलं असेल तिथे ते जातात. तुमच्या भावाने चाकणला कंपनीच्या पगारासाठी खातं काढलं असेल आणि ते आधारला जोडलेलं असेल, तर अनुदान तिकडे पडेल आणि गावातल्या बँकेत आई रिकामं पासबुक भरून घेत राहील. हे आजच बँकेत जाऊन तपासता येतं, ते मंजुरीपर्यंत ठेवू नका.

निधीचंही एक सांगून ठेवते. या योजनेचा पैसा सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या वेगवेगळ्या सदरांतून येतो. एका शीर्षाचा निधी आला, दुसऱ्याचा आला नाही, असं होतं. त्यामुळे शेजाऱ्याचे पैसे आले आणि आपले नाहीत म्हणजे आपलं नाव कापलं, असा अर्थ लगेच काढू नका. आणि माझ्या अनुभवात अर्जाच्या तारखेपासूनची मागची रक्कम मिळत नाही, मंजुरीनंतरचीच मिळते. म्हणून उशीर इथे नुसता त्रासाचा नसतो, दर महिन्याला अडीच हजार रुपये कायमचे जातात. पुढे दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकवू नका.

आता ती दुसरी गोष्ट. सहा वर्षं कंपनीत कंत्राटी काम, म्हणजे पगारातून पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असण्याची दाट शक्यता आहे. पगाराची जुनी पावती शोधा. ईएसआयचा विमा क्रमांक आणि पीएफचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, मिळाला तर पुढचं खूप सोपं होतं. ईएसआयमध्ये आजारपणात ७० टक्के पगार वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. त्यानंतर ठरावीक ३४ दीर्घ आजारांत विस्तारित आजार लाभ आहे: पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. एका बाजूचा पक्षाघात त्या यादीत आहे. अट अशी की दोन वर्षं सलग विमा असलेली नोकरी झालेली हवी आणि मागच्या चार अंशदान कालावधींत (एक कालावधी सहा महिन्यांचा) किमान १५६ दिवसांचं अंशदान भरलेलं हवं. सहा वर्षं काम केलेल्या माणसाला हे अवघड नाही. कंत्राटदाराने कापलेले पैसे भरले आहेत का, एवढं मात्र तपासायला हवं. भावाचा पगार पंधरा हजार असेल तर ८० टक्के म्हणजे बारा हजार, म्हणजे अनुदानाच्या जवळजवळ पाचपट, आणि इथे सहा महिने थांबायची गरज नाही. ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. उपचार बाहेरच्या हॉस्पिटलात झाले असतील तरी तिथले कागद घेऊन शाखा कार्यालयात जा, ते त्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घेतात. हे काम सर्वात आधी करा, या आठवड्यातच.

पीएफच्या बाबतीत एक कळकळीची विनंती. कंत्राटदार सांगेल, "पीएफ काढून टाका, पैशांची गरज आहे ना." पीएफची शिल्लक काढणं वेगळं आणि पेन्शनची रक्कम १०-सी फॉर्म भरून काढून घेणं वेगळं. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांची सेवा नसली तरी अपंगत्व पेन्शन मिळते, एक महिन्याचं अंशदान पुरतं. अपंगत्व कामावर असतानाच आलं पाहिजे असंही नाही. झटका घरी आला तरी चालतो. त्यासाठी १०-डी फॉर्म आणि वैद्यकीय मंडळापुढे तपासणी लागते. १०-सी भरून पेन्शनची रक्कम काढून घेतली की हा रस्ता बंद होतो. किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. रक्कम लहान वाटेल, पण ती आयुष्यभराची आहे. ही पेन्शन किंवा ईएसआयची रक्कम चालू झाली तर ती उत्पन्नात धरली जाईल आणि संगायोच्या मर्यादेवर परिणाम होईल. म्हणून दोन्हीकडे खरं लिहा. ईएसआयची दोन वर्षं संपल्यावर अनुदानासाठी अर्ज करणं हाही एक सरळ मार्ग आहे, आणि मला वाटतं तुमच्या भावासाठी तोच जास्त योग्य ठरेल. प्रमाणपत्र मात्र आताच काढून ठेवायचं.

तोवर घर चालवायला ग्रामपंचायतीत विचारा. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. लहान गावात ही रक्कम फार नसते, पण चाकाची खुर्ची किंवा औषधांसाठी थोडी मदत होते. अर्ज ग्रामसेवकांकडे लेखी द्या आणि ग्रामसभेत विषय काढायला सांगा.

सगळं करूनही काम अडलं तर क्रम असा ठेवा. आधी तहसीलदारांना आवक क्रमांक घालून लेखी स्मरणपत्र. महिन्यात हालचाल नाही तर माहिती अधिकारात अर्ज: माझा अर्ज सध्या कोणाकडे आहे, कोणत्या तारखेपासून आहे, मागच्या वर्षभरात समितीच्या किती बैठका झाल्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा उत्तर लिहायच्या निमित्तानेच फाइल हलते. त्यानंतर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथे जा. टक्केवारीच चुकली असं वाटत असेल तर तहसीलशी भांडून उपयोग नाही, कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे. आणि दिव्यांगाचा हक्कच डावलला जातोय असं असेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार करता येते. संगायोच्या टेबलावरच्या माणसाशी मात्र पहिल्या दिवसापासून भांडू नका. एकेकाकडे शेकडो अर्ज असतात, आणि बैठक बोलावणं त्याच्या हातात नसतं.

भावाच्या पगाराच्या पावतीवर ईएसआय क्रमांक सापडला का, शेवटचा पगार कोणत्या महिन्याचा झाला आणि आधारवर पत्ता कुठला आहे, एवढं कळवा. शेवटच्या पगाराच्या महिन्यावरून त्याचा ईएसआयचा लाभ कालावधी कधीपर्यंत चालू आहे ते ठरतं. मग चाकणच्या बाजूच्या ईएसआय शाखा कार्यालयात आधी जायचं की गावाकडून सुरुवात करायची, ते मी नक्की सांगू शकेन.